मार्चमधलं औक्षण

रत्नाबाईंनी या वर्षीही नारळीभातात गूळ बेतानंच घातला. एरवी आमटीभात तीनदा मागून घेणारा जावई नेमका या दिवशी दुसऱ्या वाढीला पानावर हात आडवा धरायचा. गोड जास्त होत असणार, असं त्यांनी मागेच ठरवलं होतं. तेव्हापासून दर मार्चात गूळ थोडा कमी होत आला होता. जावयाचा हात मात्र आडवा येतच राहिला.

खरं तर हा भात श्रावणातला. पण जावयाच्या, म्हणजे दानूच्या, जावा बेटावर भात आणि नारळ यांवाचून पान हलत नाही, असं लेकीनं, राधिकेनं, एकदा सांगितलं होतं, आणि या दिवसाला गोड काय करावं हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला होता. दिवसही त्यांनीच शोधून काढलेला. लग्नानंतर तीन वर्षं त्यांनी या परदेशी, परधर्मी बॅडमिंटनपटूला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. अनिका झाली, आणि नात बघायची तर तिचा बापही बघावा लागणार, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. तेव्हा मुलाला, शंतनूला, कॉम्प्युटरवर बसवून त्यांनी जावयाची सगळी कारकीर्द वाचून घेतली. युरोपातली एक मोठी स्पर्धा, पुरुष दुहेरी, अंतिम सामना, विजेते. त्या तारखेला त्यांनी दोघांना अमेरिकेतल्या आपल्या चँडलरच्या घरी बोलावलं आणि दारात निरांजन घेऊन उभ्या राहिल्या. तोंडानं माफी मागणं त्यांना जमलं नसतं. त्यानंतर हा दिवस एकदाही चुकला नव्हता.

या वर्षी त्या विजयाला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून शंतनू सनीव्हेलहून आला होता. निदान अनिकाला तसं सांगितलं होतं.

खरं कारण असं होतं की येत्या शुक्रवारी सकाळी रत्नाबाईंच्या यजमानांच्या, संजयरावांच्या, स्वादुपिंडावर शस्त्रक्रिया व्हायची होती. वय शहात्तर, त्यात हृदय अशक्त. सर्जनबाईंनी काही लपवलं नव्हतं. टेबलावरून परत न येण्याची शक्यता त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितली होती. आणि त्याच शुक्रवारी, कॅलिफोर्नियात, अमेरिकेच्या ज्युनियर संघाच्या निवड चाचणीत अनिकाचा पहिला सामना होता. चाचणी संपेपर्यंत पोरीच्या कानावर काही जायचं नाही, हे रत्नाबाईंनी ठरवलं होतं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या.

*

मागच्या पॅटिओवर दानू शटलांना वाफ देत होता. बाहेर संत्र्याच्या झाडाला मोहर आला होता आणि त्याचा वास वाफेत मिसळत होता. वाळवंटातल्या कोरड्या हवेत शटलची पिसं काडीसारखी मोडतात, म्हणून ती आधी ओलसर करावी लागतात. पहिल्या वर्षी त्यानं अजाणता सासूबाईंच्या मोदकपात्रात बदकाच्या पिसांची डझनभर शटलं उकडली होती, आणि रत्नाबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी देवासाठी नवीन मोदकपात्र आणलं आणि जुनं त्याच्या हातात ठेवलं. "हे आता तुमच्या पक्ष्यांचं," एवढंच म्हणाल्या.

शंतनू दार सरकवून बाहेर आला आणि ते नीट लावून घेतलं.

"स्टोरी क्लिअर आहे ना? बाबा बुधवारी माझ्याबरोबर सनीव्हेलला येतायत. चेंज म्हणून. अनिकाला तेवढंच माहिती."

"तिनं फोन केला तर?"

"बाबा वॉकला गेलेत. झोपलेत. लायब्ररीत आहेत. यार, तीन दिवसांचा प्रश्न आहे, मी मॅनेज करतो."

दानूनं झाकण उचललं, एक शटल चिमटीत धरून बघितलं आणि परत ठेवलं. "लायब्ररीत," तो म्हणाला.

"का? बाबा तर सारखे तिथेच असतात. कोणीही बिलीव्ह करेल."

"हो. तेच."

"हे बघ, तू कोच आहेस. तुला तर पटायला पाहिजे. सहा वर्षांची असल्यापासून पोरगी यासाठी मरमर मरतेय. आणि आपण फोनवर बोललो तेव्हा तू काही ऑब्जेक्शन घेतलं नाहीस."

"नाही घेतलं."

"मग आता काय?"

दानूनं झाकण नीट बसवलं. शंतनूला त्याच्या या गप्प राहण्याचा नेहमीच राग यायचा. बहिणीनं अख्ख्या जगातून नेमका न बोलणारा माणूस निवडला, असं तो बायकोला म्हणत असे. आज मात्र रागापेक्षा त्याला थकवा जास्त होता. गेला आठवडाभर तो स्कॅनची चित्रं बघत होता आणि त्याच्या रोजच्या कामातल्या चिपच्या नकाशांपेक्षा ती त्याला जास्त समजायला लागली होती.

"तिचं करिअर आहे, दानू," तो हळू आवाजात म्हणाला.

"माहीत आहे मला करिअर काय असतं."

*

आत राधिका टेबलावर ताटं मांडत होती. काचेच्या दारातून तिला नवरा आणि भाऊ दिसत होते. शब्द ऐकू येत नव्हते, पण येण्याची गरजही नव्हती. या बाबतीत ती आईच्या बाजूची होती आणि त्याला एक कारण होतं, जे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं.

सिंगापूरला ती एका प्रोजेक्टवर होती तेव्हा दानू तिथल्या क्लबमध्ये इतरांना सराव देणारा खेळाडू म्हणून येत असे. सव्विसाव्या वर्षी, ऐन बहरात, त्यानं राष्ट्रीय शिबिर सोडलं होतं. पुढे त्यांचं जमलं, लग्न झालं, तो तिच्यामागे अमेरिकेत आला. शिबिर सोडणं आणि तिची ओळख यांत जेमतेम काही महिन्यांचं अंतर. मराठी मंडळातल्या बायका कौतुकानं म्हणत, "तुझ्यासाठी खेळ सोडला गं त्यानं!" आणि तिनं ते कधी खोडून काढलं नाही. आधी ते ऐकायला बरं वाटायचं. नंतर, भाड्याच्या हॉलमध्ये इंजिनियरांच्या मुलांना सर्व्हिस शिकवताना त्याला बघून, तेच वाक्य तिला टोचायला लागलं. एक करिअर आपल्या पायी गेलं, दुसरं जाऊ द्यायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

मागच्या खोलीतून अनिकाचं हसणं ऐकू आलं.

तिथे संजयराव पुस्तकं बॅगेत भरत होते. या खोलीत तिन्ही भिंतींना मराठी पुस्तकं होती आणि चौथ्या भिंतीला खिडकी. आयुष्यभर ते फॅबमध्ये, चिपच्या कारखान्यात, नोकरी करून संध्याकाळी इथे येऊन बसले होते. कुठल्याही भांडणात त्यांनी कधी बाजू घेतली नव्हती. दानूला दार बंद होतं तेव्हाही ते आतल्या आत हळहळले आणि वाचत राहिले.

"आजोबा, सनीव्हेलला बारा पुस्तकं? सीरियसली? मामाकडे दोन आठवडेच राहणार ना तुम्ही?"

"असू दे. ऐन वेळी कुठलं वाचावंसं वाटेल, सांगता येत नाही."

"यातली चार तर तुम्ही ऑलरेडी वाचलीयत. मला माहितीये, तुम्हीच गोष्टी सांगितल्यात."

"तीच परत वाचायची आहेत."

अनिका पलंगावर मांडी घालून बसली. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना पांढऱ्या पट्ट्या होत्या. कोरड्या हवेनं कातडी फाटते. "माझी मॅच शुक्रवारी दोनला आहे. लाइव्ह स्ट्रीम आहे. मामाला लावून द्यायला सांगा. तुम्ही बघताय हे मला माहिती असलं ना, की आय प्ले बेटर. खरंच."

संजयरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. काचा स्वच्छच होत्या. बोलायला हवं, असं त्यांना आठवडाभर वाटत होतं. हा देह त्यांचा, ही नात त्यांची, आणि तरी निर्णय स्वयंपाकघरात झाला होता. त्यांना भूल देण्याची भीती वाटत नव्हती. भीती वेगळीच होती. ही पोर शुक्रवारी कोर्टवर उभी राहील, आपण बघतोय असं समजून एखादा चांगला फटका मारून कॅमेऱ्याकडे बघेल, आणि तिथे कोणी नसेल.

"आजोबा? बघाल ना?"

"चल, आजी हाक मारतेय," ते म्हणाले. आजीनं हाक मारली नव्हती.

*

खुर्ची पूर्वेला तोंड करून ठेवली होती. दानू हात-पाय धुऊन, सासूबाईंनी मागे कधी दिलेला पांढरा झब्बा घालून बसला. रत्नाबाईंनी त्याला कुंकू लावलं, अक्षता टेकवल्या, सुपारी आणि अंगठी त्याच्याभोवती फिरवली. निरांजनाची ज्योत त्याच्या चेहऱ्यासमोरून एकदा गेली. त्यानं नेहमीप्रमाणे डोळे मिटून घेतले होते.

"पंचवीस वर्षं!" अनिका फोनवर टिपत म्हणाली. "पापा, या वर्षी तरी मॅच पॉइंट सांग. प्लीज. तू कधीच सांगत नाहीस."

"नेटला लागून पडलं. लकी होतं," दानू डोळे न उघडता म्हणाला.

"दरवेळी एवढंच! ओके, नेक्स्ट इयर दोन औक्षणं असतील. एक पापाचं, एक माझं. आणि आजोबा, तुम्ही मघाशी उत्तर दिलं नाहीत. शुक्रवारी दोन वाजता, बघणार ना? प्रॉमिस?"

शंतनू पाण्याचा ग्लास उचलायला वळला. राधिकेनं टेबलावरचा चमचा सरळ केला, मग परत वाकडा केला.

"बघेन," संजयराव म्हणाले.

दानूनं डोळे उघडले. ज्योत दुसऱ्या फेऱ्याला निघाली होती. त्यानं ताटाची कड धरली.

"आई, थांबा."

"अहो, भाजेल. झालं की एवढ्यात."

"हे नको. आज नको मला." त्याचं मराठी सासूबाईंकडूनच शिकलेलं, सावकाश आणि जपून बोललेलं. "या तारखेला माझे वडील गेले."

रत्नाबाईंचा हात तसाच राहिला. राधिका म्हणाली, "दानू, त्यांचं वर्षाचं तर मागे एकदा ऑगस्टमध्ये झालं ना? तू तेव्हा फोनवर प्रार्थनेला बसला होतास. त्याच्या आधी कधी डिसेंबरमध्ये..."

"आमचं कॅलेंडर वेगळं. चंद्राचं. ते सरकत जातं. घरचे त्या दिवशी करतात." त्यानं ज्योतीकडे बघितलं. "पण इंग्रजी तारीख हीच. फायनलची."

संजयरावांना एकदम उमगलं. या घरातही त्यांच्या स्वतःच्या वडिलांचं श्राद्ध तिथीनं होत होतं; तारीख कोणालाच आठवत नव्हती. सोळा वर्षं एकाच माणसाचे दोन दिवस दोन पंचांगांत पडून होते आणि कोणी ते शेजारी ठेवून बघितले नव्हते.

"तुला मॅच पॉइंट पाहिजे ना?" दानू मुलीकडे वळला. "ऐक. आमच्या गल्लीत वडिलांनी चुन्यानं कोर्ट आखलं होतं. पाऊस पडला की पुन्हा आखायचे. मी अकराव्या वर्षी हॉस्टेलला गेलो. घरी फोन नव्हता. प्रत्येक मॅचनंतर मी कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करायचो, आणि वडील तिथे येऊन थांबलेले असायचे. हरलो तरी, जिंकलो तरी. फायनलच्या पहाटे ते गेले. आमच्यात लगेच दफन करतात. भावानं हॉटेलवर फोन केला तो कोचनं घेतला. कोचनं माझ्या आईशी बोलून ठरवलं की मला सांगायचं नाही. मी पहिला गेम खेळत होतो तेव्हा लोक मातीवर फुलं टाकून घरी परतले होते."

दानूनं ताटाची कड अजून सोडली नव्हती.

"जिंकल्यावर मी दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, ते मशिदीत गेलेत." त्यानं शंतनूकडे बघितलं. "कोणीही विश्वास ठेवला असता. ते सारखे तिथेच असायचे."

शंतनूनं मान खाली घातली.

"जकार्ताच्या विमानतळावर हार घातले. मग गाडीत बसल्यावर सांगितलं. हार गळ्यातच होते."

"तुमच्या आईनं का असं केलं?" रत्नाबाईंनी विचारलं.

"प्रेमानं केलं. मी तिला कधी रागावलो नाही. पण त्यानंतर, प्रत्येक वेळी जिंकलो की कोच हसत माझ्याकडे यायचे, आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो. आता कोण गेलं? हरायचो तेव्हा बरं वाटायचं. हरलेल्या माणसापासून कोणी काही लपवत नाही. दोन वर्षं काढली तशी. मग सोडलं."

राधिका जवळच्या खुर्चीवर बसली. इतकी वर्षं जो भार तिनं आपला म्हणून वाहिला, तो तिचा नव्हताच. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण त्याऐवजी तिला एकटं पडल्यासारखं झालं. "मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तू माझ्यासाठी भांडली असतीस. आईंशी. हे सगळं पुन्हा बंद झालं असतं."

"आणि मी?" रत्नाबाईंनी ताट टेबलावर ठेवलं, अंगठी घरंगळली. त्यांना राग आला होता, आणि तो कोणावर काढावा ते कळत नव्हतं. "सोळा वर्षं मी तुम्हाला वडील गेल्याच्या दिवशी ओवाळतेय! गोडधोड करून घालतेय! एका शब्दानं सांगता येत नव्हतं, दानूराव?"

"पहिल्या वेळी तुम्ही दारात दिवा घेऊन उभ्या होता," दानू म्हणाला. "तीन वर्षांनी दार उघडलं होतं. काय सांगणार होतो मी?"

रत्नाबाईंना बसायला जागा दिसेना. संजयरावांनी आपली खुर्ची मागे सरकवली आणि त्यांना तिथे बसवलं. त्यामुळे ते स्वतः उभे राहिले, सगळ्यांच्या मध्ये.

"पण पापा," अनिकाच्या कपाळावर आठी पडली होती, "हे आज का? व्हाय टुडे?"

दानूनं सासऱ्यांकडे बघितलं. "ते माझं सांगायचं नाही. बाबा, तुमचं आहे."

"दानू, नको," शंतनू घाईनं म्हणाला. "बाबा, आपण ठरवलंय ना..."

"तुम्ही ठरवलंत," संजयराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मुलाचं वाक्य त्यांनी मध्ये तोडलं होतं आणि त्यांना ते जमल्याचं आश्चर्य वाटलं. "अनिका, मी सनीव्हेलला जात नाहीये. शुक्रवारी माझं ऑपरेशन आहे. इथेच. कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणतात, उठेनही, नाही उठणारही. मॅच मी बघू शकणार नाही. मघाशी बघेन म्हणालो ते खोटं होतं."

अनिकानं सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. एकेक चेहरा ती थांबून बघत होती. दानूला ती नजर ओळखीची होती.

"हू न्यू?"

"सगळ्यांना माहीत होतं," राधिका म्हणाली.

"पापा, तुला पण?"

"मलाही. आठवडाभर. मी काही बोललो नाही." त्याचा आवाज खाली गेला. "मी माझ्या कोचसारखाच वागलो."

अनिका उठली, पॅटिओच्या दारापर्यंत गेली. बाहेर मोदकपात्रातून वाफ निघत होती. ती तिथेच पाठमोरी उभी राहिली. कोणी तिच्यामागे गेलं नाही. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मग ती मागे फिरली, सरळ आजोबांसमोर येऊन उभी राहिली आणि पट्ट्या बांधलेल्या हातानं नाक पुसलं.

"आर यू स्केअर्ड?"

"हो," संजयराव म्हणाले. "थोडा."

"मी राहू का?"

बायको काय म्हणेल, मुलगा काय म्हणेल, हा नेहमीचा विचार आज संजयरावांच्या मनात आला नाही. "तू राहिलीस तर मला आवडेल. तू खेळलीस तर जास्त आवडेल. पण ही माझी हौस झाली. ठरवायचं तू. नाही गेलीस तरी मी तोच आजोबा आहे."

अनिका त्यांच्याजवळच जमिनीवर बसली. सगळे वाट बघत होते आणि या वेळी कोणालाही तिच्यासाठी बोलावंसं वाटलं नाही.

"मी जाईन," शेवटी ती म्हणाली. "गुरुवारी. तोपर्यंत मी इथेच झोपणार, आजोबांच्या खोलीत. प्रॅक्टिस सकाळचीच करीन." मग ती आजीकडे वळली. "आजी, शुक्रवारी मी फोन करीन. मॅचच्या आधी. तो तू उचलायचास. मामा नाही, आई नाही. तू."

"मी?"

"तू. आणि जे असेल ते सांगायचं. काहीही असलं तरी. मी कोर्टच्या दारात उभी असले तरी."

रत्नाबाईंनी जावयाकडे पाहिलं. समुद्रापलीकडच्या त्या बाईचा विचार त्यांच्या मनात आला. तिनं मुलाला खेळू द्या म्हटलं होतं. आपणही अगदी तेच म्हटलं असतं, म्हटलंच होतं.

"उचलेन," त्या म्हणाल्या. "सांगेन."

"प्रॉमिस?"

"देवाशप्पथ."

त्या उठल्या. ताटातली ज्योत अजून तेवत होती. त्यांनी निरांजन उचललं आणि खिडकीशी नेलं. "दानूराव, वडिलांचं नाव काय होतं तुमच्या?"

"सुमार्नो."

इतक्या वर्षांत हे नाव या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. रत्नाबाईंनी ते एकदा मनात म्हणून पाहिलं आणि वातीचं तोंड दक्षिणेला केलं. मग सगळे जेवायला बसले. नारळीभात कोणाला वाढावा, हे त्यांना सुचेना. दानूनंच पातेलं ओढून घेतलं, आपल्या पानात वाढला आणि सासऱ्यांच्याही. "वडिलांना आवडायचा," तो म्हणाला. "असाच. फक्त गूळ थोडा जास्त."

जेवणं आटोपत आली तरी रत्नाबाई नीट जेवल्या नव्हत्या. त्या उठून देवघराच्या खणापाशी गेल्या. त्यांचा फोन कायम तिथे, रुमालात गुंडाळून, मुका करून ठेवलेला असे. वाजला की त्या दचकतात, म्हणून शंतनूनंच कधीतरी तसा करून दिला होता. त्यांनी तो रुमालातून सोडवला आणि मुलासमोर धरला.

"याचा आवाज चालू करून दे," त्या म्हणाल्या. "असेल तेवढा मोठा."